घरावर बँकेची ताब्याची नोटीस, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. ऐरोलीत आमचा वन बीएचके आहे, 2017 साली कर्जावर घेतलेला. यांची नोकरी गेली, चार हप्ते थकले आणि खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या हिशेबी थकीत-बुडीत, झालं. सरफेसी कायद्याच्या (बँकेला कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या) कलम 13(2) ची 60 दिवसांची नोटीस आली. मी लेखी हरकत घेतली, तर दोन ओळींत ‘अमान्य’! परवा दारावर प्रतीकात्मक (म्हणजे सध्या फक्त कागदोपत्री) ताब्याचा कागद डकवून गेले, तोही तोरणाच्या बरोबर खाली. सासूबाई दिवसातून तीनदा वाचतात.

कलम 17 खाली 45 दिवसांत डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) अर्ज करता येतो, दिवाणी कोर्टात जाऊन उपयोग नाही, इतकं कळलंय. पण स्थगिती देताना साधारण किती रक्कम भरायला लावतात? की बँकेशी वन टाइम सेटलमेंट (ठरलेली रक्कम एकरकमी भरून कर्ज मिटवणं) बरं? का तिची परवानगी घेऊन आपणच गिऱ्हाईक बघावं? लिलावाची जाहिरात निघाली की सगळं देणं भरून घर सोडवायचा हक्कही राहत नाही, म्हणून घाई.

‘साहेब ओळखीचे आहेत’ म्हणणारे दोन एजंट येऊन गेले, तसले नकोत. ठाणे-नवी मुंबईत कुणी स्वतः यातून गेलंय का? वकिलाची फी किती झाली, तेही सांगा.