साडेचार वर्षांचा रॉबर्ट झग्यात का? (जुन्या अमेरिकेतल्या मुलांचे कपडे आणि केस)

बॉस्टनकर

गेल्या रविवारी मुलाला घेऊन इथल्या फाइन आर्ट्स म्युझियममध्ये गेलो होतो. मुलगा आठ वर्षांचा, केस मानेवर आलेले. त्या केसांवरून पुण्याहून आमच्या बाबांचा दर शनिवारी व्हिडिओ कॉलवर तासभर जातो: "अरे काप ते, पोरगी दिसतोय."

तर तिथे १६७० सालचं एक चित्र आहे. रॉबर्ट गिब्ज, वय वर्षं साडेचार. चौकटीच्या फरशीवर ताठ उभा, हातात हातमोजे, चेहऱ्यावर सावकाराचा भाव आणि अंगात पायघोळ झगा. आमचे चिरंजीव म्हणाले, "बाबा, ही मुलगी आहे ना?" पाटी वाचून दाखवली तरी पटेना.

माझं म्हणणं असं, की त्या काळी झगा हा मुलीचा पोशाख नव्हताच, तो लहानांचा पोशाख होता. मुलगा चार ते सातच्या दरम्यान कधीतरी झग्यातून निघून गुडघ्यापर्यंतच्या विजारीत जायचा, आणि गेला की थेट बापाची छोटी प्रत व्हायचा. त्याच १६७० सालचं मेसन भावंडांचं चित्र सॅन फ्रान्सिस्कोच्या डी यंग म्युझियममध्ये आहे. त्यातला डेव्हिड आठ वर्षांचा, म्हणजे आमच्या मुलाएवढाच, पण हातात चांदीच्या मुठीची काठी! 'पोरगी दिसतोय' ही तक्रार तेव्हा कुणाला कळलीच नसती. मुलगा-मुलगी हा भेद कपड्यात एवढा ठासून भरणं ही अलीकडची खोड आहे. १८८४ च्या एका फोटोत फ्रँकलिन रूझवेल्टसुद्धा अडीच वर्षांचे असताना लांब केस आणि झग्यात बसलेले आहेत, पुढे राष्ट्राध्यक्ष व्हायला त्याची काही आडकाठी आली नाही.

आडवाटे

कपड्यांचं एक वेळ ठीक, पण केसांच्या बाबतीत साफ असहमत. तक्रार कळली नसती? अहो, मॅसॅच्युसेट्सचे प्युरिटन, म्हणजे तिथे वसलेले कडक प्रोटेस्टंट लोक, तुमच्या वडिलांच्या चार पावलं पुढे होते.

१६४९ मध्ये गव्हर्नर एंडिकॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लांब केसांविरुद्ध सह्यांनिशी जाहीरनामा काढला. १६५५ च्या हार्वर्डच्या नियमांत लांब केस, कपाळावरची झुलपं, कुरळे करणं, पावडर लावणं, सगळ्याला बंदी. तेव्हा हार्वर्डला जाणारी मुलं बरीचशी पंधरा-सोळाची, म्हणजे आपल्या दहावी-अकरावीची. कळस १६७५ चा. मूळ रहिवाशांशी मोठं युद्ध पेटलं, गावं जळाली, आणि जनरल कोर्टाने (नाव कोर्ट, पण ही वसाहतीची विधानसभा) देव का कोपला त्याची यादी केली. त्या यादीत काही पुरुष 'बायकांसारखे लांब केस' ठेवतात, स्वतःचे किंवा टोपाचे, हा गुन्हा आहे. शब्द नीट बघा, 'बायकांसारखे'. बायबलातला दाखला तर तयारच होता: पुरुषाने केस वाढवणं लाजिरवाणं, असं पॉल करिंथकरांना लिहून गेलाय. त्यामुळे 'अलीकडची खोड' हे मागे घ्या.

शिंप्याची_नात

दोघेही माणसाकडे बघताय, जरा शिवणीकडे बघा.

मेसनांच्या डेव्हिडच्या बाहीला एकच चीर आहे, आत पांढरं अस्तर दिसतं. ती एकच का? कारण मॅसॅच्युसेट्सचा १६३४ चा कायदा: प्रत्येक बाहीला एक आणि पाठीला एक, याहून जास्त चिरा असलेला कपडा घालायचा नाही. बापाने कायदा पाळला आणि मुलाला मिरवलंही. १६५१ मध्ये आणखी स्पष्ट झालं, की ज्याची मालमत्ता २०० पौंडांच्या आत, त्याने सोन्याचांदीची लेस लावायची नाही. आणि माझा लाडका १६६२ चा: आईबापाच्या किंवा मालकाच्या मर्जीविरुद्ध पोरांना वा नोकरांना भपकेदार कपडा शिवून दिला तर शिंप्याला पहिल्यांदा समज आणि दुसऱ्यांदा कपड्याच्या दुप्पट किमतीचा दंड! पोरगं हट्ट करणार आणि दंड शिंप्याने भरायचा. साताऱ्यातल्या माझ्या आजोबांनी हे ऐकलं असतं तर मशीन बंद करून निघून गेले असते.

म्हणजे भांडण मुलगा-मुलगीचं नाही आणि वयाचंही नाही. कुणाचा पोरगा, हे लांबून कळलं पाहिजे, एवढंच. झग्याचं कारण तर सरळ आहे. वाढत्या अंगाला झगाच परवडतो. खाली चार बोटं दुमडून ठेवायची आणि दर वर्षी सोडायची. विजारीत ती सोय नाही. शिवाय कपडे ओले करणाऱ्या पोराला बंदांची विजार घालायची आणि दिवसातून सहा वेळा सोडायची, हे कुठली आई करेल?

काजवा

धागाकर्त्यांनी चित्र गोंडस काढलंय. त्या झग्याच्या आत काय असायचं तेही सांगा. पाठ सरळ राहावी म्हणून ताठ आवळ चोळी, मुलग्यांनासुद्धा. पडला तर डोकं फुटू नये म्हणून भरीव कड असलेलं टोपडं. आणि खांद्याला पट्ट्या, पोर चालायला लागलं की मागून धरायला. कुत्र्याच्या पट्ट्यासारख्या, पण तो वाद नको.

मुद्दा वेगळाच आहे. 'झगा लहानांचा' म्हणता, मग मुलीचं काय? रॉबर्ट पाच-सहाचा झाला की सुटला. त्याची बहीण ऐंशीची झाली तरी झग्यातच. मुलगा बायकांच्या घोळक्यातून बाहेर पडला हे सांगायलाच तर ती विजार होती. वय आणि लिंग वेगळं काढताच येत नाही त्यात.

बॉस्टनकर

काजवा, हा मुद्दा मान्य, माझ्या डोक्यात आला नव्हता. आडवाटे, १६७५ चं वाक्यही मान्य, पण तो आरोप बाप्यांवर होता, साडेचार वर्षांच्या पोरावर नाही.

मात्र पुढची गंमत कुणीच काढली नाही. १७८० नंतर पोरांसाठी 'स्केलेटन सूट' आला. आखूड जाकीट, त्याला कमरेवर बटणांनी अडकवलेली घोट्यापर्यंतची पँट, मोकळी कॉलर. तोवर लांब पँट हा खलाशांचा आणि मजुरांचा कपडा, घरंदाज बाप गुडघ्यापर्यंतच्या विजारीत आणि पावडर लावलेल्या केसांत. मुलगा मात्र पँटमध्ये, स्वतःचे केस खांद्यावर मोकळे आणि कपाळावर झुलपं. पुढे बापांनीही पँट घातली आणि पावडर सोडली, म्हणजे फॅशन खालून वर गेली. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने १६९३ मध्येच लिहिलं होतं की मुलांना घट्ट कपड्यात आवळू नका. बुटांत पाणी शिरू द्या असंही लिहिलं होतं, ते मी घरी सांगितलेलं नाही.

शिंप्याची_नात

स्केलेटन सूट मोकळा वगैरे तुम्ही चित्रात बघून म्हणताय. कमरेभोवती बटणांची रांग, आणि पोराला घाईची लागली की? मी शिवून बघितला असता तर आधी तिथे नाडी घातली असती.

टग्या

सगळा धागा सावकारांच्या पोरांवर चाललाय. चित्र कुणाचं काढायचे? ज्याच्याकडे चित्रकाराला द्यायला पैसे आहेत त्याचं.

काळ थोडा पुढचा आहे, पण पुढे गुलामगिरीविरुद्ध लढलेला लेखक फ्रेडरिक डग्लस मेरीलँडमध्ये १८२० च्या दशकात गुलाम पोर होता. त्याने लिहून ठेवलंय: बूट नाहीत, मोजे नाहीत, जाकीट नाही, पँट नाही, फक्त गुडघ्यापर्यंत येणारा जाड्याभरड्या तागाचा सदरा. मुलांना वर्षाला असे दोन सदरे. ते फाटले की पुढच्या वाटपाच्या दिवसापर्यंत उघडं फिरायचं, सात ते दहा वर्षांची मुलं-मुली सारखीच. त्यांच्यासाठी विजारीत जायचा सोहळा कुणी केला?

काजवा

टग्या, +१. माझं वरचं 'वय आणि लिंग' इथे गळून पडतं. मालकाला दोन्हीशी देणंघेणं नव्हतं, फक्त कापड किती वाचतं ते बघायचं होतं.

बॉस्टनकर

काल शनिवार होता. बाबांना १६७५ चा ठराव वाचून दाखवला. फार खूश झाले, पुन्हा एकदा वाचायला लावला. आडवाटे, तुमचा नंबर मागत होते. मी दिलेला नाही.