इंडिका डॉमिनंट हायब्रिड ७०/३० म्हणजे नक्की काय समजायचं?

निशाचर:
मंडळी, गांजाच्या स्ट्रेन्सबद्दल, म्हणजे वाणांबद्दल, वाचतोय आणि पार गोंधळ उडालाय. जिथे बघावं तिथे "इंडिका डॉमिनंट हायब्रिड, ७०/३०" आणि खाली लगेच अंग सैल पडतं, झोप येते वगैरे. हे ७० टक्के नक्की कशाचे? झाडाचे, जीन्सचे की नशेचे? आणि दोन स्ट्रेन्सवर सेम ७०/३० लिहिलेलं असताना एकीला गाढ झोप आणि दुसरीला गप्पा रंगतात असं कसं काय? घरातलं एक जण झोपेसाठी याचा विचार करतंय, जिथे राहतो तिथे कायदेशीर आहे, म्हणून नीट समजून घ्यायचंय.

रानवेल:
इंडिका आणि सटायव्हा हे गांजाच्या झाडाचे दोन प्रकार, आणि ७०/३० हे वंशावळीचं गणित आहे, म्हणजे आईबापात इंडिका बाजू किती आणि सटायव्हा किती याचा ब्रीडरने, म्हणजे वाण तयार करणाऱ्याने, बांधलेला अंदाज. लॅबमध्ये मोजलेला आकडा नाही तो. आणि एकाच क्रॉसच्या (संकराच्या) बिया लावल्या तरी भावंडं वेगवेगळी निघतात, एक बुटकं तर दुसरं उंच.

झाडात मात्र इंडिका बाजू बऱ्यापैकी दिसते. बुटकं, झुडपासारखं पसरलेलं, पेरांमधलं अंतर कमी, पानाची बोटं रुंद आणि गडद हिरवी, फुलोरा घट्ट आणि वजनदार. फुलायला लागल्यापासून साधारण ७ ते ९ आठवड्यांत तयार होतं, शुद्ध सटायव्हा बाजूचं झाड १० आठवड्यांच्याही पुढे जातं. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्कने १७८५ मध्ये भारतातून आलेल्या नमुन्यांवरून इंडिका ही वेगळी जात म्हणून नोंदवली, पण आज बाजारात ज्याला इंडिका म्हणतात ते मुख्यतः हिंदुकुशच्या डोंगराळ पट्ट्यातलं रुंद पानांचं अफगाण झाड. नॉर्दर्न लाइट्ससारख्या स्ट्रेन्समध्ये तेच अफगाण रक्त आहे. जांभळ्या रंगाला मात्र भुलू नका, तो अँथोसायनिनमुळे येतो, नशेच्या जोराशी त्याचा संबंध नाही.

आम्लपित्त:
रानवेल यांनी झाडाचं छान सांगितलं, मी केमिस्ट्रीचं सांगतो कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. पानाचा आकार आणि डोक्यावर होणारा परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सगळी गल्लत तिथेच होते. परिणाम ठरतो टीएचसी (नशा आणणारं मुख्य रसायन) किती, सीबीडी (नशा न आणणारं रसायन) किती, टर्पीन्स (वास देणारी रसायनं) कुठले, घेतलं किती आणि घेणाऱ्याला सवय किती यावर. २०२१ मध्ये नेचर प्लांट्समध्ये एक अभ्यास आला होता, त्यात इंडिका-सटायव्हा लेबलांचा एकूण जनुकीय फरकाशी संबंध फारच कमी निघाला, जुळलं ते काही मोजक्या टर्पीन्सशी, इंडिका म्हणून विकल्या जाणाऱ्यांत मायरसीन हे टर्पीन जास्त. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या ६ राज्यांतले जवळपास ९० हजार नमुने तपासले, तिथेही लेबल एक आणि आतली रसायनं भलतीच असं भरपूर सापडलं.

म्हणून सेम ७०/३० च्या दोन स्ट्रेन्स घ्या, एकीत मायरसीन आणि लिनलूल वरचढ, वास मातकट, थोडा लॅव्हेंडरकडे जाणारा, आणि दुसरीत लिमोनीन आणि कॅरिओफिलीन, वास लिंबाच्या सालीचा आणि मिरीचा. दोन्ही इंडिका डॉमिनंटच, पण आतला माल वेगळा.

सांजवेळ:
पण मला स्वतःला इंडिका लिहिलेलं घेतलं की खरंच जड वाटतं, आणि इतक्या लोकांचा तोच अनुभव आहे तो सगळा खोटा कसा म्हणायचा?

आम्लपित्त:
खोटा अजिबात नाही. जड वाटतं ते वाटतंच, प्रश्न फक्त ते कशामुळे याचा आहे. आज बाजारातल्या बहुतेक मालात टीएचसी २० टक्क्यांच्या आसपास असतं, तेवढ्याने सटायव्हा लिहिलेलं घेऊनही माणूस सोफ्यावरून उठत नाही. वर लेबल वाचून मन आधीच तयार झालेलं असतं, त्याचाही वाटा असतो. मायरसीनने माणसाला झोप येते हे सगळे छातीठोकपणे सांगतात पण माणसांवरचा पुरावा फार तोकडा आहे, मी तरी ते पक्कं म्हणून सांगणार नाही.

निशाचर:
ओके म्हणजे ७०/३० सोडायचं आणि लॅब रिपोर्ट बघायचा. त्यात नेमकं काय बघू?

आम्लपित्त:
आधी टीएचसी. त्यात टीएचसीए वेगळं दिलं असेल तर त्याला ०.८७७ ने गुणून टीएचसीत मिळवायचं, कारण कच्च्या फुलात बहुतांश टीएचसीएच असतं आणि उष्णतेने त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून टीएचसी बनतं, वजन तेवढं घटतं. मग सीबीडी. मग वरचे तीन टर्पीन्स, बाकीचे अगदी चिमूटभर असतात. आणि तपासणीची तारीख नक्की बघा, जुना माल असेल तर टर्पीन्स उडालेले असतात आणि टीएचसीचं हळूहळू सीबीएन (खूपच कमी नशेचं रसायन) झालेलं असतं.

रानवेल:
झोपेसाठी म्हणालात म्हणून एक काळजीचं सांगते. टीएचसीने झोप लवकर लागते हे खरं, पण रोज घेतलं की शरीराला सवय होते, तेवढ्याने भागत नाही, आणि अचानक बंद केलं की कित्येक रात्री झोप उडते आणि स्वप्नं फार तीव्र पडतात. खाण्यातून घेणार असतील तर जास्त जपायला सांगा, परिणाम यायला अर्धा तास ते २ तास लागतात आणि लोक "काहीच झालं नाही" म्हणून दुसरा डोस घेतात. घरात कुणाला सायकोसिसचा (भास-भ्रम होणाऱ्या मानसिक आजाराचा) इतिहास असेल, हृदयाचा त्रास असेल किंवा झोपेच्या, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरशी बोला, स्ट्रेन कुठली हा प्रश्न त्यानंतरचा.

निशाचर:
रक्त पातळ करायची गोळी चालू आहे त्यांना. आधी डॉक्टरांनाच विचारतो मग. खूप आभार दोघांचे.