पिल्लावस्थेतला ताण आणि जनुक: मोठेपणी वागण्यात फरकच दिसत नाही

प्रश्न (पिंजरा_क्र_४)
सेरोटोनिन ट्रान्सपोर्टरच्या (मेंदूतलं सेरोटोनिन पेशीत परत ओढणाऱ्या प्रथिनाच्या) जनुकाची एकच प्रत चालू असलेले (हेट) आणि साधे उंदीर, वंश सी५७ब्लॅक/६. पैदाशीची जोडी: हेट नर, हेट मादी. जन्मानंतर दुसऱ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पिल्लं रोज ३ तास आईपासून दूर. मोठेपणी एलिव्हेटेड प्लस मेझमध्ये (उंचावरच्या अधिक-चिन्हासारख्या मार्गावर भित्रेपणा मोजायची चाचणी) चारही गट (हेट/साधे, ताण दिलेले/न दिलेले) सारखेच. प्रत्येक गटात १२ उंदीर, ताण दिलेली ३ वेतं, न दिलेली ३. ताण कमी पडला का?

जोडवेत
१२ नाही, तुमचा आकडा ३ आहे. ताण पिल्लाला नाही, अख्ख्या वेताला मिळतो, आणि एका वेतातली भावंडं एकमेकांसारखी वागतात. प्रत्येक पिल्लू सुटं धरलं तर कधी खोटा फरक दिसतो, कधी खरा झाकला जातो. मिक्स्ड मॉडेलमध्ये (गटागटाने आलेल्या आकड्यांसाठीची सांख्यिकी पद्धत) वेत रँडम इफेक्ट म्हणून घाला, म्हणजे भावंडांमधलं साम्य हिशोबात येतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वेतं वाढवा, प्रत्येक बाजूला निदान ८-१०. एकाच वेतातून जास्त पिल्लं घेऊन काही साधत नाही. नर-मादी वेगळे तपासा.

कागदघरटं
त्यात या वंशावर नुसतं ३ तासांचं विलगीकरण बेभरवशाचं. पिल्लं परत ठेवली की आई त्यांना जास्त चाटते, म्हणजे ताणाची भरपाई तीच करून टाकते. दूर असताना पिल्लं गार पडली तर तुम्ही थंडी मोजताय, विरह नाही. खाली गरम पॅड हवंच.

दुसरा मार्ग म्हणजे घरट्याचं सामान कमी करणं. दुसऱ्या ते नवव्या दिवसापर्यंत तळापासून सुमारे अडीच सेंटिमीटर उंचीवर बारीक अॅल्युमिनियमची जाळी, खाली थोडंसं बेडिंग, आणि नेस्टलेटचा (घरट्यासाठीच्या दाबलेल्या कापसाच्या चौकोनाचा) अर्धाच तुकडा. आई पिल्लांजवळच असते, पण तिची काळजी तुटक होते: सारखी आत-बाहेर. ताण न दिलेल्या वेतांचा पिंजराही तेवढे दिवस बदलायचा नाही, नाहीतर हाताळणीचाच फरक मोजाल. नवव्या दिवशी वजन घ्या. या पद्धतीत पिल्लं सहसा हलकी भरतात. वजनात काहीच फरक नसेल तर आधी जाळी आणि बेडिंग तपासा.

पिंजरा_क्र_४
मग पिल्लं दुसऱ्या आईकडे दिली तर जनुक आणि संगोपन वेगळं काढता येईल ना?

जोडवेत
अर्धवट. २००३ च्या एका प्रयोगात सी५७ब्लॅक/६ चे भ्रूण बाल्ब/सी या दुसऱ्या वंशाच्या मादीच्या गर्भाशयात वाढवले आणि जन्मल्यावरही बाल्ब/सी आईच दिली, तेव्हा ते वागण्यात बाल्ब/सीकडे झुकले. दोन्हींपैकी एकच बदलून तेवढं झालं नाही. गर्भाशय हेही वातावरणच.

तुमच्या मांडणीतली खरी गळती मात्र हेट आई. तिचं स्वतःचं जनुक तिच्या संगोपनात मिसळतं. साधी मादी आणि हेट नर लावा: सगळ्या आया सारख्या, पिल्लं सरासरी निम्मी हेट निम्मी साधी, ती एकाच वेतात. जनुकाची तुलना वेताच्या आतच होते, आणि तो फरक ताणाने बदलतो का, हे वेतावेतांमध्ये पाहता येतं. शिवाय हेट-हेट जोडीत चौथाई पिल्लं दोन्ही प्रती बंद असलेली निघतात. ती तुम्हाला नकोच आहेत. प्रसूतीआधी नर काढा.

कागदघरटं
जनुक तपासायला कानाचा तुकडा दूध तोडताना, २१ व्या दिवशी घ्या. आधी घेतलात तर तोही ताणच. मेझ ५ मिनिटांचा, गुण देणाऱ्याला गट माहीत नको. फोर्स्ड स्विम (उंदराला पाण्यात पोहायला लावायची चाचणी) करणारच असाल तर सगळ्यात शेवटी, कारण त्यानंतरच्या कुठल्याही चाचणीवर त्याची सावली पडते.