पाणी गेलं, पण कळा नाहीत: बी विंग ग्रुपवरची चर्चा

वर्षा, बी-३०४: आपल्या विंगमध्ये सध्या दोघीतिघींचे दिवस भरत आलेत. कळा नसताना पाणी गेलं, म्हणजे बाळाभोवतीची पाण्याची पिशवी फुटली, तर लगेच दवाखान्यात निघायचं की कळांची वाट बघायची? बाळाला कितपत धोका असतो?

डॉ. अनघा (स्त्रीरोग): लगेच निघायचं. आधी घड्याळ बघून वेळ लिहून ठेवा, पुढचे सगळे तास तिथून मोजले जातात. लघवी की पाणी कळत नसेल तर लघवीला जाऊन या, कोरडं पॅड लावा, अर्धा तास आडवं व्हा. उठल्यावर भसकन ओलं झालं तर बहुतेक पाणीच. रंग बघा: पाण्यासारखा किंवा फिकट गुलाबी ठीक. हिरवट असेल तर बाळाने पोटात शी केली आहे. तसं असेल किंवा लाल रक्त, घाण वास, १००.४ ताप, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काहीही असेल तर अजिबात वेळ घालवू नका.

३७ आठवडे पूर्ण असतील तर साधारण ६० टक्के जणींना २४ तासांत आपोआप कळा येतात. बाळाला गंभीर जंतुसंसर्ग पिशवी शाबूत असताना २०० मागे एकाला होतो, पाणी आधी गेलं की १०० मागे एकाला. म्हणजे दुप्पट, तरीही १०० पैकी ९९ बाळं सुखरूप.

मंगलकाकू, बी-१०१: पाणी सगळं गेलं की कोरडं बाळंतपण होतं म्हणतात ना?

डॉ. अनघा: नाही काकू, बाळ लघवी करत असतं, त्यामुळे पाणी बनत राहतं. भीती जंतूंची. पिशवी हा अडसर गेला की खालचे जंतू वर चढतात. म्हणूनच कळा आणायला घरी एरंडेल देणं नको, संबंध नको, उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्याही नकोत.

सिस्टर सुनंदा, बी-४०२: आतून हाताने तपासणीही मोजकीच हवी. प्रत्येक तपासणीबरोबर जंतू वर जातात. कळा नसतील तर निर्जंतुक स्पेक्युलमने (योनीमार्ग उघडून आत बघायचं साधन) बघून निदान होतं. तपासणी आत्ता का करताय, हे विचारण्यात गैर काही नाही. आणि बाळाचं डोकं अजून खाली बसलेलं नसताना पाणी गेलं तर नाळ खाली सरकू शकते. नाळ दिसली किंवा हाताला लागली तर आत ढकलू नका. गुडघे आणि छाती टेकून, कंबर उंच करून बसवा आणि १०८ ला फोन.

वर्षा, बी-३०४: मग कळा आणायचं सलाईन लगेच लावायचं की थांबायचं?

डॉ. अनघा: १९९६ मध्ये ५,०४१ बायकांचा मोठा अभ्यास झाला. ऑक्सिटोसिनने (सलाईनमधलं कळा आणायचं औषध) लगेच कळा आणलेल्यांत बाळांचा जंतुसंसर्ग २ टक्के, वाट बघितलेल्यांत २.८, हा फरक ठरवण्याइतका नव्हता. आईचा मात्र ४ विरुद्ध ८.६ टक्के! सिझरचं प्रमाण जवळपास सारखंच. त्यामुळे दिवस भरलेले असतील तर मी २४ तासांपलीकडे थांबायला सांगत नाही.

निखिल, बी-२०२: आणि ३२ आठवड्यांतच गेलं तर?

डॉ. केदार (बालरोग): तिथे गणित उलटं. बाळाची फुप्फुसं कच्ची असतात, म्हणून जंतुसंसर्गाची लक्षणं नसतील तर दिवस वाढवतात. दवाखाना असा निवडा जिथे एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) त्याच इमारतीत आहे. जन्मल्यावर हलवण्यापेक्षा आईच्या पोटात असताना हलवणं केव्हाही चांगलं. फुप्फुसांसाठी आईला डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम, १२ तासांनी एक अशी ४ इंजेक्शनं. जंतूंसाठी बहुधा एरिथ्रोमायसिन, १० दिवस. को-अमॉक्सिक्लॅव्ह हे अँटिबायोटिक यात टाळतात, कारण २००१ च्या ओरॅकल अभ्यासात त्याने बाळांच्या आतड्यांना सूज येऊन ती सडण्याचा आजार वाढलेला दिसला.

३४ ते ३७ आठवड्यांतही घाई नको. २०१६ च्या अभ्यासात लवकर प्रसूती केलेल्या बाळांना श्वासाचा त्रास ८ टक्के, थांबलेल्यांना ५. मात्र थांबायचं ते रोज ताप, नाडी आणि बाळाचे ठोके बघतच.

मंगलकाकू, बी-१०१: जन्मल्यावर बाळाला अँटिबायोटिक देतातच का?

डॉ. केदार: सरसकट नाही. बाळ तरतरीत असेल तर पहिल्या तासात अंगावर पाजायला घ्या आणि निदान १२ तास नीट लक्ष ठेवा. दूध ओढत नाही, मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास, छाती आत ओढली जाणं, कण्हणं, अंग गार किंवा ९९.५ च्या वर, मलूल: यातलं एक जरी दिसलं तरी रक्ताचं कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते बघायची तपासणी) घेऊन लगेच औषध सुरू करतात. हीच लक्षणं घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात दिसली तर ‘पाणी अमुक तास आधी गेलं होतं’ हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा.