मदत हवी आहे: गोधड्या धुतल्यावर पापडासारख्या कडक होतायत

सुईदोरा (मंगळवार)
अर्जंट आहे. रविवारी बारसं आहे. आईनं बाळासाठी शिवलेल्या दोन गोधड्या धुतल्या, तर वाळल्यावर भिंतीला टेकवून उभ्या करता येतील इतक्या ताठ झाल्यात. पुन्हा धुतल्या, साबण बदलला, तेच. फॅब्रिक सॉफ्टनर सुचवू नका, घरात कुणालाच त्याचा वास सहन होत नाही. बाकी काय असेल ते लवकर सांगा.

शेंगाचटणी
पाणी नळाचं की बोअरचं? कापड कुठलं? हातानं धुतलं की मशीनला? काहीच लिहिलं नाही ओ ताई तुम्ही.

सुईदोरा
पाण्याचा काय संबंध? सुती आहे, आईच्या जुन्या साड्या. मशीनमध्ये धुतल्या.

मधली_काकू
पहिल्या धुण्याला मूठभर खडे मीठ टाकायचं. माझ्या सासूबाई टाकायच्या. रंग जात नाही म्हणायच्या.

शेंगाचटणी
काकू, रंगाचं कुणी विचारलंय?

ताणाबाणा
पाण्याचाच संबंध आहे. टॉवेलच्या कारखान्यात 22 वर्षं काढलीत, म्हणून सांगतो. आपल्या सोलापुरात नळाला रोज पाणी नाही, म्हणजे मधले दिवस बोअरवर धुणं, बरोबर? बोअरच्या पाण्यातले क्षार साबणाशी मिळून चिकट साका होतो आणि धाग्यात बसतो. तुम्ही साबण वाढवला की साकाही वाढतो. साबण निम्मा करा. बादलीभर गरम पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा घालून तासभर भिजवा, मग साध्या पाण्यातून दोनदा काढा. शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर. सोडा आणि व्हिनेगर एकदम घालू नका, एकमेकांना मारतात, हाती काही लागत नाही. ब्लीच वापरत असाल तर त्याच्या आसपासही व्हिनेगर नको, विषारी वायू होतो.
आणि सॉफ्टनर नको म्हणालात ते बरंच केलंत. त्याचा थर धाग्यावर बसला की कापड पाणी शोषत नाही. बाळाच्या गोधडीचं तर तेच काम.

वाकळ_म्हणा
आमच्याकडे हिला वाकळ म्हणतात. गोधडी पुण्याकडं.

ताणाबाणा
माझी आई इथलीच, बाळीवेशीत वाढलेली. ती गोधडीच म्हणायची.

इरकली
थांबा थांबा! सुईदोरा, साड्यांत इरकल आहे का? इरकलीचं अंग सुती असलं तरी पदर रेशमी असतो. सोड्यानं रेशीम खराब होतं.

सुईदोरा
एकीत आहे की. आजीची इरकल. पदर मधोमध लावलाय. आता काय?

इरकली
मग तिला सोडा नकोच. रिठ्याच्या कोमट पाण्यात हातानं धुवा आणि शेवटी थोडंसं व्हिनेगर.

ताणाबाणा
हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. इरकलीताई बरोबर आहेत.

घोंगडीवाला
घोंगडी अशी कडक झाली तर घाबरू नये. विणताना चिंचोक्याची खळ लावलेली असते, वापरता वापरता मऊ पडते. पावसात तर घोंगडीसारखं दुसरं काही नाही.

शेंगाचटणी
भाऊ, सोलापुरात पाऊस कधी बघितला तुम्ही?

मधली_काकू
खळीवरून आठवलं, गोधडीचं अस्तर नवं आहे का हो?

सुईदोरा
हो, दोन्हींना नवा मांजरपाट. न धुताच शिवला आईनं. सांगायला पाहिजे होतं का हे?

ताणाबाणा
तेच तर आधी सांगायचं! विणताना ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, खळ असते, ती नव्या मांजरपाटात तशीच राहते. आधी रात्रभर साध्या पाण्यात भिजत घाला, पाणी गढूळ होईल ते ओता. मग बाकीचं. वाळवायचं कसं चाललंय?

सुईदोरा
गच्चीवर, उन्हात. दुपारी बारा ते चार. आधी घट्ट पिळते.

शेंगाचटणी
गोधडी पिळालाव? हातशिलाईचा दोरा तुटतो ओ त्यानं. पाणी नुसतं निथळू द्या, आडव्या दोरीवर टाका, सावलीत. वारं लागलं पाहिजे. निम्मी ओली असताना दोघी मिळून दोन्ही टोकं धरून झटका, पूर्ण वाळल्यावर हातानं चोळा. धागे एकमेकांना धरून वाळतात म्हणून ताठ होतं, मोडलं की मोकळं होतं. आजी मुसळानं हलकं ठोकायची, तेही हेच.

सुईदोरा (शुक्रवार)
नुसत्या सुती साड्यांची गोधडी चांगलीच मऊ झाली, पहिलं पाणी तर कांजीसारखं निघालं. इरकलीची मधून मऊ, कडेला अजून थोडी ताठ. बाळ झोपलं तिच्यावर, म्हणजे चालेल. व्हिनेगरचा वास वाळल्यावर गेला. आई म्हणते, तिला विचारलं असतं तर हेच सांगितलं असतं.

घोंगडीवाला
माझी एक वाकळ आहे, तिलाही हेच करू का?

शेंगाचटणी
आत काय आहे? पाणी कुठलं?