मदत हवी आहे: पुतण्याला रशियाच्या ‘हेल्पर’ नोकरीपासून कसं थांबवू?

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातला कास्तकार. पुतण्या २१ वर्षांचा, पोलीस भरतीसाठी दोन वर्षं पहाटे धावला, थोडक्यात हुकला. आता टेलिग्रामवर कुणीतरी त्याला रशियन सैन्यात ‘हेल्पर’चं काम देतो म्हणतो. लढाई नाही, महिना दोन लाख, पुढं नागरिकत्व. परवा कापूस वेचताना पऱ्हाटीतच त्यानं मला व्हिडिओ दाखवला. चकचकीत रस्ते, हसणारी पोरं. बंदूक कुठंच नाही. वहिनी पोत गहाण ठेवायला निघाली आहे.

अशाच व्हिडिओंना भुललेली आपली पोरं युक्रेनच्या आघाडीवर पोचली, काही तिथंच मेली. मार्च २०२४ मध्ये सीबीआयनं अशा एजंटांवर गुन्हा नोंदवला. हे सगळं सांगितलं, तर म्हणतो, “काका, तुम्हाले काय समजते?” रागावलो की फोन घेऊन गोठ्यामागं जातो.

परदेशी नोकरीसाठी नोंदणी झालेले एजंट दाखवणाऱ्या ‘ई-मायग्रेट’ या सरकारी पोर्टलवर त्या टेलिग्रामवाल्या एजंटचं नाव सापडलं नाही. कुणी अशा पोराला समजावलं आहे का, काय बोललात? आणि सायबर पोलिसांकडं एजंटची तक्रार केली तर पोराच्या नावावर डाग लागेल का? पुढच्या भरतीत अडचण नको. पासपोर्टचा अर्ज गेला आहे, लवकर सांगा.