दोर्दोन्य नदीच्या काठाने: तुमचे अनुभव लिहा

देवबागची_लेक
काल फराळासाठी अक्रोड फोडत बसले होते आणि आई पलीकडून म्हणाली, "ते फ्रान्सचे बरे होते गो, एका ठोक्यात फुटत." झालं. चिवडा राहिला बाजूला, तासभर आम्ही दोघी जुने फोटो काढून बसलो.

२०१७ चा जून. भाऊ तेव्हा फ्रान्समध्ये तुलूजला होता. दोर्दोन्यच्या खोऱ्यातल्या सार्ला गावाजवळ एका शेतघरात आम्ही चौघं सहा दिवस राहिलो. बेत साधा, किल्ले बघायचे, तेही आईला झेपतील तेवढेच. ती तेव्हा ६८ ची. तिसऱ्या दिवशी पुलावर उभी राहून खालून जाणाऱ्या कनू (वल्ह्याच्या अरुंद होड्या) बघत होती. मग हळूच, "हे भाड्यान गावतत काय?"

गावतात. वित्राक गावी आमचं सामान निळ्या झाकणबंद पिंपात घातलं, जाकिटं चढवली, आणि तिथल्या पोराने आईला वल्हं कसं धरायचं ते खाणाखुणांनी समजावायला सुरुवात केली. आईचं बालपण देवबागला गेलंय. एका अंगाला कर्ली, दुसऱ्या अंगाला समुद्र. तिने त्याच्या हातातून वल्हं घेतलं, कनूत बसली आणि निघाली. पोरगा तसाच हात वर करून उभा.

बेनाकपर्यंत पंधरा-सोळा किलोमीटर. पाणी इतकं कमी की दोनदा बूड खडीला घासलं. आईचं मत: "आमच्याकडे ह्येका व्हाळ म्हणतत." पण मग वळण आलं आणि डाव्या हाताला डोंगरमाथ्यावर दोम गाव. पुढच्या वळणावर उजवीकडे ला रोक गाजाक, कड्याला चिकटवल्यासारखी घरं. मग कास्तेलनोचा किल्ला, मग समोर बेनाकचा. रस्त्याने गाडीतून हेच सगळं आदल्या दिवशी पाहिलं होतं, पण तेव्हा पार्किंग शोधण्यात जीव गेला होता. नदीतून एकेक वळण गाव उलगडत जातं. खंड्या तर इतके दिसले की मोजणं सोडलं.

ला रोक गाजाकला आईस्क्रीमसाठी थांबलो तेव्हा पर्यटकांची एक रुंद सपाट बोट गेली. तिला गाबार म्हणतात. पूर्वी या बोटींतून वरच्या जंगलातलं ओकचं लाकूड खाली वाइनच्या पिंपांसाठी जायचं. वरून येणाऱ्या बऱ्याच बोटी खाली पोचल्या की मोडून लाकूड म्हणून विकायच्या आणि नावाडी घरी चालत. आई म्हणाली, "गाबार म्हणजे आमचे गाबीतच ते." (गाबीत म्हणजे आमच्या किनाऱ्यावरचे मासेमार.) व्युत्पत्ती तिची आहे, माझ्याशी वाद घालू नका.

तुमच्यापैकी कोण कोण गेलंय तिकडे? लिहा.

पाटावरवंटा
आईंना साष्टांग नमस्कार!! पोरगा तसाच हात वर करून उभा... हसून हसून चहा सांडला.

तुलूजवाला
आम्ही दरवर्षी जातो, गाडीने दोन-अडीच तास. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र जाऊ नका, कनूंचा ट्रॅफिक जाम असतो, शपथेवर सांगतो.

लास्को कुणीच काढलं नाही अजून? १९४० च्या सप्टेंबरमध्ये चार पोरांना सापडलेली आदिमानवाच्या चित्रांची गुहा. लोकांच्या श्वासाने आणि दिव्यांनी चित्रांवर शेवाळ चढायला लागलं म्हणून १९६३ ला बंद केली, ती कायमची. आता बघतो ती प्रतिकृती. सध्याची मोठी २०१६ च्या डिसेंबरात उघडली. मी नाक मुरडत गेलो होतो, नकली काय बघायचं म्हणून. आत गेल्यावर बैल अंगावर आले आणि मी गप्प झालो. तरी माझं मत असं की एक तरी अस्सल गुहा बघाच. फों द गोममध्ये खऱ्या रंगीत गव्यांसमोर उभं राहता येतं, पण माणसं मोजकी सोडतात, तिकीट आधीच काढा. आम्ही पहिल्या वर्षी असेच गेलो आणि दारावरून परत आलो. बायको अजून ऐकवते.

भटकी_मांजर
@तुलूजवाला मुलं लहान असतील तर रुफिन्याक! गुहेत चक्क छोटी विजेची गाडी आहे, त्यात बसून आत जायचं. भिंतींवर चित्रांत मॅमथच मॅमथ. आणि जमिनीत खड्डे, गुहेतली अस्वलं थंडीभर झोपायची ते. माझा लेक परत येताना म्हणे मला पण असा खड्डा पाहिजे, शाळा उघडेपर्यंत.

शाकाहारी_बिचारा
माझी करुण कहाणी ऐका. सार्ला. तीन दिवस. मेनूवर सगळीकडे बदक, बदकाचं काळीज, बदकाची तंगडी, हंसाचं अमुक. गावाच्या चौकात ब्राँझचे हंस आहेत, त्यांच्याकडेसुद्धा अपराधी नजरेने बघत होतो. एक पदार्थ मिळाला, पॉम सार्लादेझ. पातळ चकत्यांचे बटाटे, लसूण, वर कोथिंबिरीसारखं काहीतरी. अहाहा. सकाळ-संध्याकाळ तेच. चौथ्या दिवशी मालकिणीला विचारलं, इतका खमंगपणा कशाने येतो? ती कौतुकाने म्हणाली, बदकाच्या चरबीने.

पाटावरवंटा
😂😂😂

उगाच_काहीतरी
दोर्दोन्यमध्ये एक डुबकी मारा, शुद्ध व्हाल.

शाकाहारी_बिचारा
मारली. थंडीने ताप आला. आता आईला यातलं काही सांगू नका, ती इथे वाचते कधीकधी.

सोनचाफा_पुणे
व्हिसाला किती दिवस लागतात हल्ली? आणि @देवबागची_लेक फराळाचा चिवडा पातळ पोह्यांचा की भाजक्या?

देवबागची_लेक
पातळ. व्हिसाचं दुसऱ्या धाग्यावर आहे बघा.

बुरूज_आणि_तट
किल्ल्यांवर दोन ओळींत उरकलंत ताई, हे बरं नाही. बेनाक आणि कास्तेलनो समोरासमोर का आहेत? शंभर वर्षांच्या युद्धात (१३३७ ते १४५३) बेनाक फ्रेंचांकडे आणि कास्तेलनो बराच काळ इंग्रजांकडे. मध्ये फक्त नदी. एकमेकांची चूल पेटलेली दिसत असेल. मला तिथे उभं राहून जंजिरा आणि पद्मदुर्गच आठवले. महाराजांनी सिद्दीच्या नाकासमोर पद्मदुर्ग उभा केला, त्यातला डाव तिथे कळतो.

कास्तेलनोत मध्ययुगीन युद्धाचं संग्रहालय आहे. अंगणात पूर्ण आकाराची दगडफेकी यंत्रं ठेवलीत, म्हणजे घराएवढी गोफणच. आणि या युद्धाची शेवटची मोठी लढाई याच नदीच्या खालच्या अंगाला, कास्तियोंला, १४५३ मध्ये झाली. फ्रेंच तोफांनी इंग्रजांचा निकाल लावला. तिथल्या वाइन सगळ्यांना माहीत, लढाई कुणाला नाही.

उगाच_काहीतरी
बेनाक, वित्राक, गाजाक, रुफिन्याक, पादिराक. सगळी गावं नाकातच का संपतात? आमच्या कन्येच्या मते बेनाक म्हणजे ज्याला नाकच नाही तो.

तुलूजवाला
@उगाच_काहीतरी रोमन काळापासूनचा प्रत्यय आहे. अमक्याची जमीन, तमक्याचं शेत. आपलं वाडी समजा.

आजीचा_डबा
पादिराक निघालंच तर. जमिनीत भलंमोठं भोक, खाली १०३ मीटर. आमचे हे वरून डोकावले आणि म्हणाले मी गाडीत बसतो. शेवटी लिफ्टने आले, डोळे मिटून. खाली भुयारात नदी! होडीत बसवतात, नावाडी वल्हवतो, वरून ठिबकत असतं. फोटो काढू देत नव्हते, त्यामुळे यांना पहिल्यांदा माझ्याशी बोलावं लागलं. वर जूनचं रखरखीत ऊन आणि खाली १३ डिग्री, शाल न्या. ते पाणी पुढे दोर्दोन्यलाच मिळतं म्हणे. होडीतून उतरल्यावर हे म्हणतात परत जाऊया का एकदा. पुरुषांचं असंच.

कातळशिल्प
ला रोक गाजाकबद्दल एक. त्या कड्याचा मोठा भाग १९५७ च्या जानेवारीत कोसळला होता, घरं गेली, तीन माणसं गेली. फोटोत ते गाव फार गोड दिसतं. मी आंबेगाव तालुक्यातला, माळीण आमच्यापासून लांब नाही. मला तिथे आईस्क्रीम गेलं नाही. बाकीचे खात होते, मी वर कड्याकडे बघत बसलो.

देवबागची_लेक
@कातळशिल्प आम्हाला हे कुणी सांगितलंच नाही तिथे. ...

भटकी_मांजर
@कातळशिल्प 🙏

पाटावरवंटा
मिलांदचा किल्ला कुणी पाहिलाय का? जोसेफिन बेकरचा. अमेरिकेत जन्मलेली कृष्णवर्णीय नर्तकी, पॅरिस गाजवलं, महायुद्धात फ्रेंच प्रतिकारासाठी हेरगिरी केली, मग इथे येऊन देशोदेशीची बारा मुलं दत्तक घेतली. शेवटी कर्जापायी किल्ला हातचा गेला. मी गेले होते बागेतला ससाण्यांचा खेळ बघायला आणि मुलांच्या खोल्या बघून रडत बाहेर आले. २०२१ मध्ये तिला पाँतेओंमध्ये (पॅरिसमधलं फ्रान्सच्या थोरांचं स्मारक) मान मिळाला, तेव्हा टीव्हीसमोर परत रडले. नवरा म्हणाला तुझी कोण लागते ती? काय सांगणार.

सायकल_पंक्चर
आमची गोष्ट लहान आहे. सार्लाकडून जुन्या रेल्वेमार्गावर केलेल्या वाटेने सायकलवरून नदीपर्यंत गेलो. रविवार होता. दोनला पाच मिनिटं असताना हॉटेलात शिरलो, बाईंनी घड्याळ दाखवलं. स्वयंपाकघर बंद. पुढच्या गावात सगळंच बंद. तिसऱ्या गावात माणूससुद्धा दिसेना, एक कुत्रा होता, त्यानेही बघून मान फिरवली. शेवटी एका अंगणात आजी अक्रोड निवडत होत्या. फ्रेंच शून्य, पण पोटावर हात ठेवलेला जगात कुठेही कळतो. अक्रोडाचा केक आला, आणि अक्रोडाचीच गोडसर दारूही. परतीची सायकल जरा नागमोडी चालली.

उगाच_काहीतरी
आयडी सार्थ आहे.

सायकल_पंक्चर
पंक्चर वेगळं, ते दुसऱ्या दिवशी.

सोनचाफा_पुणे
पण पातळ पोहे आकसत नाहीत का?

आजीचा_डबा
@सोनचाफा_पुणे आधी उन्हात ठेवायचे, मग मंद आचेवर. मीठ शेवटी.

तुलूजवाला
@देवबागची_लेक आईंना विचारा, पुन्हा येणार का? आमच्याकडे दोन वल्ही आहेत.

देवबागची_लेक
विचारलं. गुडघे बदलल्यापासून खाली बसवत नाही तिला. म्हणाली, "कनूत खुर्ची घालतले काय विचार."